आपल्या मीटरवर, त्यांच्या मीटरवर

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात झाकण हरवलेले प्लास्टिकचे डबे जसे आपोआप साठतात तसे ते साठतात, आणि टाकून द्यायला हात धजत नाही. गेलं वर्षभर दर रविवारी सकाळी मी चारकोपला, आमच्या सेक्टरमधल्या बुद्धविहाराच्या वरच्या अभ्यासिकेत वेबसाइट बनवायला शिकवतो. फी नाही, सर्टिफिकेट नाही. किस्से मात्र इतके झालेत की थोडे वाटून टाकल्याशिवाय नव्यांना जागा नाही.

बाकीचे दिवस मी मरोळच्या एका ऑफिसात हेच काम पगार घेऊन करतो. तिथे किस्से घडत नाहीत, मीटिंगा होतात.

*

पहिल्या रविवारी विषय होता क्लायंट-साइड आणि सर्व्हर-साइड स्क्रिप्टिंग. नाव ऐकूनच अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागला. मी सांगितलं, वेबसाइटचा काही कोड तुमच्या मोबाइलवर, तुमच्या ब्राउझरमध्ये चालतो. तो क्लायंट-साइड. काही कोड लांब कुठेतरी साइटवाल्यांच्या मशीनवर चालतो. तो सर्व्हर-साइड. फळ्यावर दोन चौकोन काढले, मध्ये बाण काढले. हॉटेल, वेटर, किचन हे ठरलेलं उदाहरणही देऊन झालं. कुणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

मागच्या बाकावर जाधवकाका होते. अभ्यासिकेच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. ते शिकायला आले नव्हते, पंखे वेळेवर बंद होतात की नाही ते बघायला आले होते. ते म्हणाले, "म्हणजे काही काम आपल्या मीटरवर चालतं आणि काही त्यांच्या मीटरवर. एवढंच ना?"

चौदा वर्षं या धंद्यात आहे, पण इतकी नेमकी व्याख्या मला कुणी सांगितली नव्हती. मी ती निमूटपणे वहीत लिहून घेतली.

*

त्याच दिवशी वर्ग सुटल्यावर रेखाताई थांबल्या. आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. जिन्याखाली त्या मला नितीन म्हणतात, वर आल्या की सर. वय चव्वेचाळीस. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शर्टांच्या युनिटला चेकर होत्या. तयार शर्टात दोष शोधायचा, हेच काम बावीस वर्षं.

"सर, आमचं युनिट दिवाळीनंतर भिवंडीला चाललंय," त्या म्हणाल्या. "सासूबाईंना दिसत नाही. दुपारी घरी येऊन मी त्यांना जेवायला घालते. भिवंडीवरून कशी येऊ? वेबसाइटमधले दोष शोधायची पण नोकरी असते म्हणे. टेस्टिंग. मला ती पाहिजे. इथेच, चालत जाता येईल अशी. लागेल ना?"

मी म्हणालो, "बघू." आपल्याकडे 'बघू'चा अर्थ काय होतो ते सगळ्यांना माहीत असतं. त्यांनाही होतं. तरी त्या पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या.

*

सॅव्हियो हा वर्गातला सगळ्यात तरबेज मुलगा. चारकोप गावातला, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. एका विषयात त्याला अठ्ठावीस मार्क पडले. घरी कसं सांगायचं? पठ्ठ्याने लॅपटॉपवर रिझल्टचं पान उघडलं, राइट क्लिक करून आतल्या कोडमध्ये अठ्ठावीसचे अडुसष्ट केले आणि वडिलांना दाखवले. वडील शाळेची बस चालवतात. त्यांना साधा ईमेल उघडता येत नाही.

वडिलांनी चष्मा लावून मार्क वाचले. "झकास," ते म्हणाले. "आता हेच माझ्या मोबाइलवर दाखव."

सॅव्हियोने हे सगळं स्वतःच वर्गाला सांगितलं. वर म्हणाला, "सर, आपलं मीटर आणि त्यांचं मीटर तुम्ही तीन आठवडे शिकवत होता ना? मला एका मिनिटात कळलं."

*

मग मी वर्गासाठी ऑनलाइन चाचणी बनवली. वीस प्रश्न, वेळ अर्धा तास. रेखाताईंनी तीन मिनिटांत वीसपैकी वीस काढले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"कसं केलंत?"

"शर्ट हातात आला की आम्ही पहिला उलटा करतो," त्या म्हणाल्या. "समोरून सगळेच चांगले दिसतात. तुमचं पान पण उलटं करून बघितलं. उत्तरं आतच होती."

खरंच होती. उत्तरं तपासायचं काम मी ब्राउझरवर सोपवलं होतं, म्हणजे उत्तरपत्रिका प्रत्येकाच्या हातात देऊन वर लक्ष ठेवत उभा होतो. त्याच आठवड्यात मी सगळी उत्तरं सर्व्हरवर हलवली. पुढच्या चाचणीत ताईंना तेरा मिळाले. तेरा मार्कांवर इतका आनंद झालेलं मी कुणाला पाहिलेलं नाही. "आता नाही निघत," त्या म्हणाल्या, "आता शिवण पक्की आहे."

*

आम्ही अभ्यासिकेची वेबसाइट बनवली. साइट उघडणाऱ्याला वेळेप्रमाणे शुभ सकाळ किंवा शुभ रात्री म्हणायचं, हा सॅव्हियोचा उत्साह. वेळ बघायचं काम त्याने सर्व्हरवर ठेवलं, आणि आम्हाला फुकटात मिळालेला सर्व्हर होता अमेरिकेत.

सोमवारी सकाळी साडेनऊला जाधवकाकांचा फोन आला. आवाज चढलेला.

"आंघोळ करून, चहा पिऊन, कपडे घालून बसलोय, आणि तुमचं यंत्र मला शुभ रात्री म्हणतंय. पंच्याहत्तरीला आलेल्या माणसाशी हे असं बोलायचं का रे?"

मी समजावलं, काका, ते त्यांच्या घड्याळाप्रमाणे बोलतंय. काका म्हणाले, "पाहुण्याने यजमानाच्या घड्याळाप्रमाणे बोलावं." त्या संध्याकाळी आम्ही ते काम आपल्या मीटरवर आणलं.

*

त्याच साइटवर अभ्यासिकेत जागा राखून ठेवायचा फॉर्म होता. खोलीत खुर्च्या चोवीस. चोवीस भरल्या की फॉर्म बंद, ही अट मी घातली. घातली ती फक्त ब्राउझरमध्ये, आणि ब्राउझरमधली अट कुणीही काढून फेकू शकतो. चूक एकदा केली की माणूस शहाणा होतो असं म्हणतात. मी त्यातला नाही.

रेखाताईंनी शुक्रवारी घरी बसून अट उडवली आणि चाळीस जागा भरून ठेवल्या. रविवारी मला दाखवायचं, एवढाच बेत. पण शनिवारी सकाळी जाधवकाकांनी यादी पाहिली आणि मंडपवाल्याकडून सोळा खुर्च्या आणून मांडल्या. अभ्यासाला आलेली मुलं खुर्च्यांवर चढून खुर्च्यांपर्यंत पोचत होती.

"काका, खोलीत मावतात का चाळीस?" मी विचारलं.

"तुमच्या सर्व्हरने चाळिसाव्याला नाही म्हटलं नाही," काका म्हणाले. "मी कोण नाही म्हणणारा?"

*

दिवाळी जवळ आली. रेखाताई दर रविवारी नोकरीच्या जाहिराती घेऊन यायच्या. कुठे ग्रॅज्युएट पाहिजे, कुठे दोन वर्षांचा अनुभव. एका रविवारी त्या हसत आल्या. त्यांच्याच इस्टेटमध्ये, त्यांच्या युनिटपासून दोन गल्ल्या सोडून एका छोट्या कंपनीला टेस्टर हवा होता. शिक्षणाची अट नाही. वर्गातच फॉर्म भरायला बसलो. वयाच्या रकान्यात चव्वेचाळीस टाकलं आणि खाली लाल अक्षरं आली, 'कमाल वय ३५'. पुढचं बटणच दाबता येईना.

मी म्हणालो, "जाऊ द्या ताई, दुसरी बघू." पुन्हा तेच 'बघू'. त्यांनी लॅपटॉप बंद केला, पिशवी उचलली आणि जिना उतरल्या. मला स्वतःची लाज वाटली. वर्षभर मी या बाईंना काय शिकवत होतो?

पुढचा रविवार त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आल्या त्या उशिरा, आणि बसल्या नाहीत. फळ्यापाशी उभ्या राहून सगळ्यांना सांगायला लागल्या.

फॉर्म त्यांनी त्याच दुपारी भरला होता. सोबत कंपनीने एक नमुन्याचं पान दिलं होतं, त्यातले दोष शोधायचे होते. ताईंनी चौदा शोधले. कंपनीने मुद्दाम घातलेले नऊच होते. लगेच मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीला कंपनीचे मालक स्वतः बसले होते. त्यांनी कागद बघितला, ताईंकडे बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"तुमचं वय चव्वेचाळीस लिहिलंय."

"हो साहेब. खरं वय आहे. खोटं टाकून मला यायचं नव्हतं."

"पण आमचा फॉर्म पस्तीसच्या वरचं वय घेतच नाही. तुम्ही आत आलात कशा?"

"पस्तीसची अट माझ्या ब्राउझरमध्ये होती साहेब, ती मी काढली. तुमच्या सर्व्हरला चव्वेचाळीस पाठवलं, तो काही बोलला नाही. या म्हणाला."

मालकांनी कागदाच्या तळाशी ताईंनी लिहिलेली दुपारी घरी जायची विनंती वाचली. मग त्यांनी लॅपटॉप ताईंच्या बाजूला वळवला.

"सोमवारपासून या. दुपारी घरी जायचं म्हणताय, तर जा. आणि पहिलं काम, हा फॉर्म दुरुस्त करायला सांगा आमच्या मुलांना."

"सांगते," ताई म्हणाल्या. "पण नक्की काय सांगू साहेब? पस्तीस सर्व्हरवर पण लावा, का समोरचंच काढून टाका?"