अठरा रिकामी मशीनं

२००९च्या उन्हाळ्यात जयपूरजवळच्या सीतापुऱ्यातल्या आमच्या कंपनीत सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. तिच्यात नवीन काय आहे हे ग्राहकांना समजेल अशा साध्या भाषेत पुस्तिका लिहून देणं हे माझं काम होतं. त्याआधी सात वर्षं मी एका मराठी दैनिकात वार्ताहर होते. नवऱ्याची बँकेतून जयपूरला बदली झाली, तिथे मराठी वर्तमानपत्र नव्हतं, म्हणून ही नोकरी धरली.

कंपनी इतरांचे संगणक सांभाळायची. बगरूच्या छपाईचं कापड परदेशी पाठवणारे दोन व्यापारी, एक रुग्णालय, काही खासगी कॉलेजं. प्रत्येकासाठी वेगळा संगणक ठेवलेला नव्हता. थंड खोलीत सहा मोठे सर्व्हर होते आणि त्या प्रत्येकाच्या पोटात सॉफ्टवेअरने तयार केलेली बरीच मशीनं. ती हाताला लागत नाहीत, पडद्यावर दिसतात, पण ग्राहकासाठी खऱ्या संगणकासारखंच काम करतात.

ही खोली एका निवृत्त सुभेदारांच्या ताब्यात होती. मूळचे सातारा जिल्ह्यातले, सैन्यात सिग्नल्समध्ये होते, शेवटची नेमणूक जयपूरची. निवृत्तीनंतर शहरातल्या सोडाल्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले. कारण एकच: मुलगी. ती जयपूरच्याच शाळेत शिकत आलेली, आता बारावीत. तिची मार्चची परीक्षा होईपर्यंत इथून हलायचं नाही, असं घरात ठरलेलं. सुभेदारांचा कंपनीशी करार वर्षावर्षाने वाढवला जायचा. यंदाचा ऑगस्टअखेर संपत होता.

त्यांची एक पद्धत होती. ग्राहकाच्या प्रत्येक महत्त्वाच्या मशीनला दुसरं एक जोडीला, कायम चालू, काहीही न करणारं. पहिलं पडलं तर हे उभं राहणार. सैन्यात बिनतारी यंत्राची जोडी असते तशी. अशी अठरा मशीनं त्यांनी चार वर्षांत उभी केली होती. ग्राहकांनी ती मागितली नव्हती आणि कंपनीतही कुणी कधी विचारलं नव्हतं, कारण ती कुणाला दिसतच नव्हती.

नव्या आवृत्तीने ती दाखवली. जूनमध्ये पहिला अहवाल बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर आला. कोणत्या मशीनला गरजेपेक्षा जास्त मेमरी दिली आहे, कोणतं किती काम करतं, सगळं रंगांत. काम न करणारी मशीनं पिवळी होती. खाली एक ओळ होती: ही काढल्यास एक सर्व्हर बंद करता येईल.

मॅनेजर जयपूरचे, वयाने सुभेदारांपेक्षा वीस वर्षांनी लहान. आवाज कधी चढवत नसत.

"सूबेदार साहब, ये अठारह करती क्या हैं?"

"तैयार रहती हैं, सर."

"किसके लिए?"

"मौके के लिए."

"चार साल में मौका आया?"

"नहीं आया, सर. आता तो आपको पता चल जाता."

कोपऱ्यात बसलेले दोघे सहकारी हसले. मॅनेजरही हसले. मग त्यांनी ठरवून टाकलं: एक महिना थांबू, पुढच्या अहवालात ज्या मशीनचं काम दिसेल ते राहील, बाकीची जातील. आणि एक सर्व्हर कमी झाला तर खोलीत पूर्ण वेळ माणूस लागतो का, हेही तेव्हाच बघू. कराराचा उल्लेख त्यांनी केला नाही. गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुभेदार माझ्या टेबलाशी आले. ऑफिसात ते मला मॅडम म्हणत. मराठीत बोलायचं असलं की वहिनी.

"वहिनी, तुम्ही त्या सॉफ्टवेअरचं पुस्तक वाचलंय. हे बेणं रिकामं कशाला म्हणतंय?"

मी सांगितलं. महिनाभरात मशीनचा वापर एकदाही ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला नाही, तर ते रिकामं धरलं जातं. मर्यादा किती, तेही सांगितलं. त्यांनी खिशातल्या डायरीत आकडा लिहून घेतला.

"तुम्ही स्वतः वाचा की. सोपं आहे."

"इंग्रजी पुस्तक तुम्ही वाचा. मी मशीन वाचतो."

हा आकडा कशाला हवा, हे मी विचारलं नाही. वार्ताहर म्हणून तो माझा पहिला प्रश्न असायला हवा होता.

जुलैच्या अहवालात एकही मशीन पिवळं नव्हतं. मॅनेजर म्हणाले, बढ़िया. मी मात्र पुस्तिकेतल्या एका प्रकरणासाठी आलेख काढत होते, तेव्हा एक गोष्ट दिसली. अठराही मशीनांची रेघ दर तासाच्या ठोक्याला एकाच वेळी वर जात होती आणि अर्ध्या तासाने एकाच वेळी खाली येत होती. वेगवेगळ्या ग्राहकांचं खरं काम असं कधी चालत नाही.

मी खोलीत गेले आणि पडद्यावरच्या रेघांवर बोट ठेवलं. सुभेदारांनी लपवलं नाही.

"बसलेला जवान गंजतो, वहिनी. पीटी लावलीय त्यांना."

"काय करतात?"

"बेरजा. करायच्या आणि पुसायच्या."

"महिन्यातून एकदा पुरलं असतं."

"पीटी महिन्यातून एकदा असते होय?"

मी हसले आणि परत आले. कुणाला सांगितलं नाही.

त्या आठवड्यात माझं शेवटचं प्रकरण लिहून झालं. विषय होता कामाची आपोआप वाटणी. एखाद्या सर्व्हरवर ताण आला की सॉफ्टवेअर स्वतःच मशीनं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवतं आणि मागणी बघून ताकद वाटून देतं. मागणी खरी की खोटी, हे त्याला कळत नाही. हे शेवटचं वाक्य प्रकरणात नव्हतं. मला ते माहीत होतं आणि मी पीटीशी त्याची सांगड घातली नाही. मॅनेजरनी ती सोय सोमवारी सुरू केली.

गुरुवारी सकाळी अकराला आमच्याकडच्या एका कॉलेजच्या संकेतस्थळावर प्रवेशाची यादी लागायची होती. अकराच्या ठोक्याला हजारो मुलं त्या पानावर आली. त्याच ठोक्याला अठरा मशीनांची पीटी सुरू झाली. सॉफ्टवेअरने सगळ्यांची मागणी सारखी धरली. कॉलेजचं मशीन आधी हळू झालं, मग थांबलं. कॉलेजच्या फाटकाशी पालक जमल्याचा फोन अकरा वाजून सात मिनिटांनी आला. मॅनेजर आणि मी खोलीत पोचलो तेव्हा सुभेदार पडद्यासमोर उभे होते. काय झालंय हे त्यांना कळलेलं होतं, ते चेहऱ्यावरून दिसत होतं. एका आज्ञेने पीटी थांबली असती. पण कोणी, केव्हा, काय केलं, याची नोंद नवी आवृत्ती आपोआप ठेवते; थांबवली की पीटी कुणाची होती ते उघड होणार. हे मीच त्यांना पूर्वी कौतुकाने सांगितलं होतं.

मॅनेजर म्हणाले, "कॉलेज की मशीन रीस्टार्ट कीजिए."

"उससे नहीं होगा, सर."

"तो किससे होगा?"

सुभेदार खुर्चीत बसले आणि आज्ञा टाइप केली. अकरा वाजून सोळा मिनिटं. अठरा रेघा खाली आल्या. तीन मिनिटांत यादी दिसू लागली.

घटनेचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी बसच्या थांब्यावर सुभेदार म्हणाले, "जे झालं ते लिहा, वहिनी. फक्त थांबवलं मीच, तेवढं राहू द्या." मी दोन्ही लिहिलं: सुरू कोणी केलं, थांबवलं कोणी. वेळा दिल्या. विशेषण एकही वापरलं नाही. पान दीड भरलं.

चौकशीला पाच जण होतो. मॅनेजरनी विचारलं, "लिमिट का आंकड़ा आपको किसने दिया?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मैनुअल में पढ़ा, सर."

सुभेदार इंग्रजी पुस्तकाला हात लावत नाहीत, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. माझ्यासमोर तो दीड पानाचा अहवाल होता, त्याखाली माझी सही होती. तिथे एक वाक्य बोलायला जागा होती. मी बोलले नाही. मॅनेजरनी पान उलटलं.

ऑगस्टअखेर करार वाढवला नाही. अठरा मशीनं एका दुपारी काढली, यादीवर खूण करायला मी शेजारी बसले होते. त्यानंतर दोन वर्षं मी त्या कंपनीत होते. त्यांतल्या एकाचीही गरज कधी पडली नाही. सॉफ्टवेअरचं बरोबर होतं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नवराबायको सोडाल्याला भेटायला गेलो. सामान बांधलेलं होतं. नुसत्या पेन्शनवर इथलं भाडं आणि मुलीचे क्लास जमणार नव्हते. तिला एकटीला मागे ठेवायला आई तयार नव्हती. गावी परतायचं म्हणून तिथल्या तालुक्याच्या कॉलेजात चौकशी केली होती. बारावीला मध्येच घेत नाहीत, पुढच्या जूनमध्ये अकरावीपासून बसा, असं उत्तर आलं होतं.

मुलगी पुस्तकं खोक्यात भरत होती. मला म्हणाली, "काकू, पापा म्हणतात कंपनीने काम बंद केलं. मतलब, सगळ्यांनाच काढलं का?"

सुभेदार दारात उभे होते.

"हो," मी म्हणाले. "बऱ्याच जणांना."

ती पुन्हा पुस्तकं भरू लागली. भौतिकशास्त्राचं पुस्तक तिने वर ठेवलं, गाडीत वाचायला.