निखिलचं प्रोटीन मी समजावतो

चहा गाळा, तोवर सांगून टाकतो. पण मध्येच कुणी दात काढायचे नाहीत, काय? गोष्ट आमच्या निखिलच्या लग्नाची आहे, आणि तिची माती करायला मी एकटा पुरेसा होतो!

निखिल म्हणजे माझा भाचा, बदलापूरच्या ताईचा मुलगा. पीएचडी करतोय. कशावर? तर पेशीतल्या एका प्रोटीनवर! पोरगा हुशार, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. मुलीकडचे विचारायचे, "काय करता?" हा म्हणायचा, "ईआयएफ-फाइव्ह-बी." संपलं! नकार ठरलेला. त्यात अंबरनाथ पश्चिमेची सायली त्याला फोटोतच आवडली. "हे स्थळ गेलं तर पुन्हा कुठे पोहे खायला येणार नाही," असं त्याने आईला बजावलं होतं. ताई रडकुंडीला आलेली.

मी म्हटलं, "ताई, मी आहे ना! उल्हासनगरच्या अख्ख्या कॅम्प तीनच्या पोरांना बायोलॉजी शिकवली मी. एका मुलीला समजवायला कितीसा वेळ?"

गेलो. पोहे झाले, चहा झाला. सायलीचे वडील म्हणाले, "मुलांना जरा बाहेर बोलून येऊ दे." आम्ही तिघं उठलो.

हो, तिघं! ताईने डोळे वटारले. मला वाटलं, म्हणतेय, नीट सांभाळ हं त्याला.

"सुरेश, तू बस की इथे!"

"अगं, मी नसलो तर हा बोलेल तरी का?"

रिक्षात मधोमध मी. स्टेशनजवळच्या कॅफेत टेबल दोघांचं, तर शेजारची खुर्ची ओढून मध्ये घातली. मी सोडतोय होय!

सायलीने निखिलला विचारलं, "तुम्ही नक्की काय करता?"

निखिलने तोंड उघडलं. चक्क उघडलं! मी म्हटलं, "थांब रे, तू घोळ घालशील. मी सांगतो."

आणि असा रंगलो म्हणता! "हे बघ, पेशीत प्रोटीन शिवायचं मशीन असतं, रायबोसोम. त्याचे दोन भाग, छोटा आणि मोठा. एरवी वेगवेगळे फिरतात. मेसेंजर आरएनए म्हणजे आपल्याकडच्या जीन्स पँटच्या कारखान्यातला कापडाचा पॅटर्न समज. छोटा भाग तो पॅटर्न धरून बसतो. पण मोठा भाग येऊन जोडला जात नाही तोवर शिलाई सुरूच होत नाही. ती जोडणी करून देतं ते निखिलचं प्रोटीन!"

"म्हणजे मध्यस्थच की," सायली म्हणाली.

"शाब्बास!"

"आणि जोडणी झाल्यावर ते काय करतं, मामा?"

"निघून जातं! जायलाच लागतं. अडून बसलं तर मशीन जागच्या जागी ठप्प!"

"कुणी जा म्हणावं लागतं का त्याला?"

"छे छे, आपणहून!"

निखिलला जोरात ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. तो म्हणाला, "मामा, तुम्हाला आज उल्हासनगरला काम होतं ना?"

"तुझ्यासाठी कॅन्सल केलं, वेड्या!"

तेवढ्यात ताईचा फोन. "कसं चाललंय रे?"

"एकदम झकास! मीच बोलतोय सगळं."

तिने कपाळावर हात मारला, तो मला फोनवर ऐकू आला. का मारला, ते काही कळेना.

सायली म्हणाली, "मामा, कोल्ड कॉफी घ्यायची? काउंटरवरून आणावी लागते." गोड मुलगी! मी रांगेत उभा राहिलो. तीन ग्लास सांभाळत परत येतो तर टेबल रिकामं! गेलं स्थळ, ताईला आता काय तोंड दाखवू? मुलगी उठून गेली असणार आणि हा मागे माफी मागायला!

मोबाइल वाजला. निखिलच्या नंबरवरून मेसेज होता: "मामा, मी सायली. आम्ही दोघं बाहेर चालत बोलतोय. छान बोलतात की हे! एक शंका आहे. मोठा भाग येऊन जोडला गेला, आता प्रोटीनने काय करायचं?"

अहाहा! जीव भांड्यात पडला. वर मुलीला विषयाची गोडी लागली, ती माझ्यामुळे! शिक्षकाला आणखी काय हवं? खुर्चीत ऐसपैस बसलो, कॉफीचा घोट घेतला आणि लगेच उत्तर पाठवलं: "निघून जायचं! आपणहून! प्रश्न छान आहे."

तिकडून दोनच शब्द आले.

"मग, मामा?"