साहेब, घट किती?

"उठ, उठ. लाजू नकोस. बघू दे सगळ्यांना."

साहेब माइकवर हुते. लखनौत, निशातगंजच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा गणपती. आरती झालेली, प्रसाद व्हायचा हुता. मधी साहेबांचं भाषण, पैसा कसा वाढवावा. साहेब बँकेत मोठे मॅनेजर, माझं खातंबी तिथंच. मी मागं, चपलांच्या ढिगापाशी. तिथंच बसतो मी. अंगाला तेजाबाचा, म्हंजी ॲसिडचा, वास असतो, साबणानं जात न्हाई. बायांनी नाकाला पदर लावायच्या आत आपणच लांब बसावं.

मी उठलो.

"किती शिकलास?"

"पाचवी, साहेब. तीबी नापास. मास्तर म्हणला, तू गेलास तर शाळा सुधरंल."

हॉल हसला. मला बरं वाटलं. माणसं हसली की मला लई बरं वाटायचं.

"महागाई म्हणजे काय, माहीत आहे?"

"माझी बायको, साहेब. दरसाल वाढती."

पार छत उडालं. बायको समोरच बायकांत बसलेली. तिनं मान खाली घातली. मला दिसलं. तरी मी दात काढलेलेच.

साहेब म्हणले, "बघा. हा माणूस दिवसभर लोकांचं सोनं वितळवतो आणि स्वतःचे पैसे साध्या खात्यात कुजवतो. अडाणीपणा म्हणतात तो हाच."

टाळ्या वाजल्या. मीबी वाजवल्या.

मी विट्याकडचा. आमच्याकडची पोरं गलाईला बाहेर पडत्यात, मीबी पडलो. लखनौच्या चौकात, सराफांच्या गल्लीत, जिन्याखाली माझी भट्टी. लोकांचं मोडीचं सोनं आटवायचं, त्यातलं तांबं तेजाबानं काढायचं, चोख लगडी हातात द्यायची. ह्या धंद्याचा एकच धर्म हाय. माल घेताना गिऱ्हाइकाच्या म्होरं तोलायचा. आटवून झाल्यावर परत म्होरंच तोलायचा. मधी जे कमी भरलं ती घट. ती तोंडानं, मोठ्यानं सांगायची. "लालाजी, घट आधा ग्राम." न सांगता लगडी दिली तर गल्लीत परत कुणी काम देत न्हाई. मरस्तवर.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बँकेत बोलवलं. एसी, मऊ खुर्ची. मी बसलो न्हाई. खुर्चीला डाग पडंल म्हणून.

दोन लाख हुते माझे. सरोजिनी नगरात दोन खोल्या भाड्यानं, रोज टेम्पोनं चौकात, अशी अकरा वर्सं काढून साठलेले. पोरगी बारावीला. तिला नर्सिंग करायचं, तेच्यासाठी.

"पुढच्या वर्षी लागतील, साहेब. एफडी करून द्या."

"अरे, एफडीपेक्षा भारी देतो. आपला मराठी माणूस आहेस म्हणून. इथं सही, इथं, आणि इथं."

अकरा सह्या. मोजल्या मी. सही येती मला, तेवढी एकच कला शाळेनं दिली. टेबलावरची बाई म्हणली, "भैया, फोन आएगा, हर बात पे हाँ बोल देना." फोन आला. कुणी बाई भराभरा बोलत गेली आन मी हाँ, हाँ, हाँ. नंदीबैल बरा, त्यो निदान कवा तरी नकाराची मान हलवतो.

निघताना साहेबांच्या पाया पडलो. ते आठवलं की आजबी तोंडाला आंबट पाणी सुटतं.

दिवाळीच्या तोंडावर टपालानं जाड पाकीट आलं. चकचकीत. वर एका कुटुंबाचा फोटू, चौघंबी दात दाखवत. पोरगी म्हणली, "पप्पा, खोलो तो सही." मी तिच्या हातावर चापट मारली. हात धुतलेस का, म्हणलं. लक्ष्मीपूजनाला पाकीट पाटावर ठिवलं. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. मग लाल कपड्यात बांधून ट्रंकेत, आन रोज सकाळी ट्रंकेला उदबत्ती.

त्या पाकिटात एक पान हुतं. पसंत न्हाई तर तीस दिवसांत परत करा, पैसे माघारी मिळतील. तीस दिवस मी त्या पानाला उदबत्ती ओवाळली. गाढवाला गुळाची चव काय, म्हणत्यात. हितं गाढवानं गुळाची पूजा घातली.

जूनमध्ये पोरीचं नाव कॉलेजात लागलं. फी भरायची. लाल कपडा सोडला, पाकीट फोडलं. ती वाचाय लागली आन तिचा चेहरा उतरत गेला.

"पप्पा, ये एफडी नहीं है. बीमा है. दस साल तक, हर साल दो लाख भरना है."

"अगं, नीट वाच."

"नीट ही वाचतेय. अभी तोड़ेंगे तो आधे से भी कम मिलेगा." मग एका पानावर थांबली. "यहाँ आपका लिखा है. पेशा, व्यापारी. आमदनी, बारह लाख साल की. पढ़ाई, ग्रेजुएट."

मी हसलो. खरंच हसलो. "बघ की, तुझा बाप अकरा सह्यांत ग्रॅज्युएट झाला. तुला तीन वर्सं लागतील."

ती हसली न्हाई.

बँकेत गेलो. साहेबांनी मान वर केली न्हाई.

"सही तुझीच ना?"

"व्हय, साहेब."

"मग? तुला वाचता येत नाही ही माझी चूक का? पुढचा हप्ता भर, नाहीतर विसर."

बाजूच्या टेबलांवरची माणसं बघत हुती. आन मी काय केलं? इनोद केला. "देवाच्या म्होरं ठिवलं हुतं, साहेब. देवानंबी वाचलं न्हाई." सगळे हसले. साहेबबी हसले. "ह्याला चहा द्या रे." मी चहा प्यालो. दोन लाख बुडवून घेतले आन वर त्या माणसाचा चहा प्यालो, कपाच्या तळातली साखरबी चाटली. त्या चहाची किळस अजून गेली न्हाई. साहेबाची कमी, माझी जास्त.

घरी बायकोनं पाटल्या काढून ठिवल्या. लग्नातल्या. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर चौकात आली. भट्टीपाशी उकिडवी बसली. मी पाटल्या तोलल्या, मुशीत टाकल्या, भाता सुरू केला. सोनं पाणी झालं. तेजाब झालं, धुणं झालं, लगडी काट्यावर ठिवली. आन हाताच्या सवयीनं तोंड बोललं.

"घट पाऊण ग्राम."

आपल्याच बायकोला. लालाजीला सांगावं तसं मोठ्यानं.

ती काट्याकडं बघत म्हणली, "तुमी सांगितली तरी."

मग म्हणली, "साहेबानं सांगितली हुती का?"

मी चिमटा खाली ठिवला. बाराशे डिग्रीच्या भट्टीम्होरं बसून मला गारठा भरला. पाऊण ग्रामाची घट मी बायकोला सांगतो. आन माझ्या दोन लाखाची घट मी कुणाला इचारलीच न्हाई. खुर्चीला डाग पडंल, ह्या भ्यानं उभा हुतो.

लगडी इकून फी भरली. मग दर रविवारी पोरगी शिकवाय बसली. चिडायची. "पप्पा, मज़ाक नहीं, ध्यान दो." तर कळलं ते एवढंच. इमा मेल्यावर घरच्यांसाठी. गुंतवणूक जित्यापणी आपल्यासाठी. दोन्ही एकात आटवून इकलं की त्यात तांबं किती, हे गिऱ्हाइकाला दिसत न्हाई. आन तांबं वेगळं काढायचंच तर मी तीस वर्सं काम करतोय! पैसा कधी लागणार ते आधी ठरवायचं, मग कुठं ठिवायचा ते. इकणाऱ्याला त्यात काय मिळतं ते इचारायचं. व्याजावर व्याज चढतं तसं महागाईबी चढती, आन त्यात माझी बायको कुठंच येत न्हाई. एवढंच. चार रविवार लागले. ह्या एवढ्याशासाठी त्यांनी एसी लावला, इंग्रजी लावली, मला हॉलमध्ये उभा केला. थू.

ह्या गणपतीला साहेब परत माइकवर. तेच भाषण, त्याच टाळ्या.

"आमचे गलाईवाले कुठं आहेत? उठ रे. हसव जरा सगळ्यांना."

मी उठलो. चपला ओलांडून म्होरं गेलो. पाकीट काढलं, हळदीकुंकवाच्या डागासकट.

"साहेब, गेल्या साली ह्याच माइकवर तुमी मला अडाणी म्हणला. दुसऱ्या दिवशी कागदावर ग्रॅज्युएट केला. खरं कंचं?"

लोक हसले. त्यांना सवय. मी हसलो न्हाई. सगळ्यांचं हसू सरस्तवर थांबलो. लई वेळ लागला.

"आन माझ्या दोन लाखात घट किती? तुमच्याकडं किती गेले, बँकेला किती? हितं, सगळ्यांच्या म्होरं सांगा."

"हा गणपतीचा कार्यक्रम आहे. खाली बस."

माइक बंद झाला. मंडळाचे सेक्रेटरी माझा दंड धरून म्हणले, "अहो, प्रसाद घ्या, प्रसाद." दोनशे मराठी माणसं. एक उठला न्हाई. सगळे आपल्या पायांकडं बघत हुते, जणू नवीन फुटलेत. बायको मात्र मान वर करून बघत हुती. सरळ माझ्याकडं.

प्रसाद घेतला न्हाई.

तक्रार लिहिली हाय. पोरीनं सांगितली, हात माझा. तीन दिवस लागले. वर लिहिलं: धंदा गलाई, शिक्षण पाचवी नापास, उत्पन्न जे हाय ते. बँकेनं उत्तर दिलं न्हाई तर तिच्या वरच्या हापिसात धाडणार, मग तेच्या वर. पैसे मिळतील का, ठाव न्हाई. पोरीच्या आईच्या पाटल्या तर मीच आटवल्या, त्या कुठल्याच अर्जानं माघारी येत न्हाईत.

पण पुढल्या गणपतीला मी चपलांपाशी बसणार न्हाई. पहिल्या रांगेत बसणार, तेजाबाच्या वासासकट. ज्याला नाक दाबायचं त्यानं दाबावं. साहेब बोलाय उभे राहिले की मी उभा राहणार, आन एकच इचारणार. घट किती?

करू दे माइक बंद. भात्याच्या आवाजावर तीस वर्सं वरडून बोललोय मी. मला माइक लागत न्हाई.