टायर कंपनीचेच होते

रुद्रेश गेल्यावर ईट गावातल्या त्याच्या घरी जे कुणी भेटायला आले, त्यांनी त्याच्या बायकोला, राजेश्वरीला, एकच गोष्ट विचारली. टायर कंपनीचेच होते का.

आल्या आल्या कुणी विचारत नसे. चपला काढायच्या, ओट्यावर बसायचं, थोडा वेळ फरशीकडं बघायचं. मग कुणीतरी म्हणायचं, फार वाईट झालं. मग, गाडी तर नवीनच होती ना. तिथून बोलणं टायरावर यायचं आणि टायरावरच थांबायचं.

राजेश्वरी भिंतीला टेकून बसलेली असायची. सुरुवातीला तिच्या वतीनं चुलत दीर कुमार उत्तर द्यायचा. पुढं त्याची शेतातली कामं निघाली आणि उत्तर तिच्याकडं आलं. होय, कंपनीचेच होते. गाडीला वर्षही झालं नव्हतं. पुढचा, डाव्या हाताचा फुटला. बार्शीच्या पुढं, भर उन्हात. हवा सकाळीच बघितली होती. अनोळखी माणसाला घराचा पत्ता सांगावा तसं ती हे सांगायची. सांगताना तिला रस्ता दिसत नसे, गाडी दिसत नसे, रुद्रेशही दिसत नसे. शब्द तोंडातून निघायचे आणि ओट्यावरून खाली उतरायचे.

ऐकणारे माना हलवायचे. हल्ली पिकअप झकास देतात आणि टायर कागदाचे बसवतात, म्हणायचे. शोरूममधून गाडी काढली की आधी टायर बदलून घ्यावेत. एकाच्या मेव्हण्यानं तर नंबरप्लेट यायच्या आधीच बदलले होते. कोणते टायर बसवावेत, किती प्लायचे, म्हणजे आत किती थर असलेले, यावर वाद व्हायचे. वाद घालताना त्यांचे चेहरे सैल पडायचे. भेटायला आलो आहोत हे विसरून कुणी मांडी बदलायचं, कुणी तंबाखू काढायचं.

सासू, दगडाबाई, आतल्या दाराशी बसून असायची. एकदा असाच वाद चालू असताना ती म्हणाली, "माझं पोरगं गेलं का टायर गेलं, ह्येच कळंना मला."

बसलेले एकेक करून उठले आणि गेले.

राजेश्वरीचं माहेर कळंबच्या बाजूचं. वडील बाजार समितीत हमाल होते. घरात बोलणं पोत्यांचं असायचं. कुठलं पोतं पाठीला लागतं, कुठलं खांद्यावर सरकतं. बारावीपर्यंत शिकली, मग ईटला आली. रुद्रेश तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवर होता, खवा पोचवायचा. अबोल नव्हता, पण घरी कमी असायचा. तिनं शिलाई मशीन घेतली, शेतात कांदा काढायला गेली, सासूचं दुखणंखुपणं काढलं. असं करत वर्षं गेली. त्यांना मूल झालं नाही. त्यावर दोघं बोलायचे तेव्हा बोलले, नंतर बोलायचं सोडलं. मग गाडी आली.

गाडी आली त्या दिवशी दोन आल्या. रुद्रेशचा शाळेपासूनचा दोस्त बजरंग, त्यानंही तीच पिकअप घेतली, त्याच शोरूममधून. दोघं गाड्या घेऊन थेट येरमाळ्याला गेले, येडेश्वरीला. राजेश्वरी केबिनमध्ये बसली होती. नारळ फुटले, चाकांखाली लिंबं ठेवली, गाड्या त्यांवरून पुढं घेतल्या. रस्त्याकडेच्या टायरवाल्यानं बसल्या जागेवरून हाक मारली. हे टायर आत्ताच उतरवा म्हणाला, तुमच्या मालाला हे पुरायचे नाहीत.

बजरंग म्हणाला, "ह्याला आपले कोरे टायर पायजेत इकायला, म्हणून देवीच्या वाटंवर दुकान टाकून बसलाय."

रुद्रेश हसला. राजेश्वरीही हसली. टायरवाल्यालाही हसू आलं. त्याला हे रोजचंच असणार.

आता रुद्रेशच्या दहाव्यानंतर बजरंग या घराकडं फिरकला नव्हता. तो गाडी मात्र चालवत होता. कांद्याचे दिवस होते. सोलापूरच्या फेऱ्या एकामागून एक होत्या.

एका दुपारी बजरंगची बायको निकिता आली. तिनं टायर कंपनीचे होते का, असं विचारलं नाही. ती राजेश्वरीच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. मग हळूहळू बोलू लागली. बजरंगच्या गाडीचे टायर तेच होते. अख्खं गाव त्याला बदल म्हणत होतं, तिचा भाऊ म्हणत होता, आणि तो ऐकत नव्हता. रुद्रेश आणि मी मिळून नको म्हणालो, असं म्हणायचा. आता मी बदलले तर त्याचा अर्थ काय होतो, तो मेला आणि मला अक्कल आली, एवढाच ना. रात्री झोपेतून उठून अंगणात जाऊन बसायचा. सकाळी पुन्हा गाडी घेऊन जायचा.

"ताई, तुमचं ऐकतील ते. बदला म्हणा, एवढंच म्हणा. तेवढ्यानं व्हईल," निकिता म्हणाली.

राजेश्वरी बरं म्हणाली. निकिता गेल्यावर ती तशीच बसून राहिली. बजरंगचं काही झालं तर, असं तिनं मनात म्हणून बघितलं. काही हललं नाही. हललं नाही हे तिला समजलं, आणि तेही लांबून कुणीतरी सांगितल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बजरंग आला. निकितानं पाठवला होता. गाडी भरलेली होती, तिथूनच पुढं सोलापूरला जायची होती. ओट्यावर बसला नाही. अंगणात उभा राहिला, आणि राजेश्वरीकडं न बघता दगडाबाईला रामराम म्हणाला.

राजेश्वरी ओट्यावरून उतरली आणि गाडीपाशी गेली. इतके दिवस ती टायरावर बोलत होती, पण टायर तिनं नीट बघितला नव्हता. ती पुढच्या चाकाशी खाली बसली. टायर अजून बरा होता. कडेला रबराचे बारीक केस अजून शिल्लक होते. खाली मात्र तो जमिनीवर पसरला होता, जास्त खाल्लेल्या माणसाच्या पोटासारखा बाहेर आला होता. तिनं वर बघितलं. कांद्याची पोती केबिनच्या वरपर्यंत चढली होती.

"वहिनी, तुमी म्हणा फक्त," बजरंग म्हणाला. "उद्याच बदलतो म्या."

"बदलून काय व्हईल, भाऊजी?"

"दणकट येतेत. सगळेच बदलायलेत."

"मंग वर अजून थर चढवाल."

बजरंगनं दोराची गाठ चाचपली.

ती उठली. हाताला लागलेली धूळ तिनं पदराला पुसली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पत्ता सांगतानाचा.

"टायर बरे व्हते, भाऊजी. त्या दिशी गाडीच लई भरली व्हती. म्या इथंच उभी व्हते. सगळ्यांचं भरून झालं, मंग कुमार भाऊजी आले, त्यांचा कांदा राहिला व्हता. तो बी वर घातला. खालचे स्प्रिंगचे पाटे पार सरळ झालते. म्या बास म्हणलं. आमचे ह्ये म्हणले, कंपनीची गाडी हाय, काय हुत न्हाय. मंग म्या बी खालून पोती वर दिली."

दगडाबाई दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. चौकट धरलेला तिचा हात तसाच होता.

बजरंगनं विचारलं, "हे कुणाला बोललात का?"

"कुणी इचारलंच न्हाय."

ते खरं होतं. इतक्या माणसांनी हवेचं विचारलं, प्लायचं विचारलं, कंपनीचं नाव विचारलं. गाडीत माल किती होता, हे कुणी विचारलं नाही. ओट्यावर येऊन बसणाऱ्यांपैकी निम्म्यांचा कांदा त्या गाडीत होता. उरलेल्यांचा आधीच्या फेरीत गेला होता किंवा पुढच्या फेरीत जायचा होता.

बजरंग गाडीच्या मागं गेला. दोर सोडला, फाळक्यावर पाय देऊन वर चढला आणि वरचा थर खाली टाकू लागला. पोती अंगणात पडत होती. एक फाटलं, कांदे ओट्याच्या पायरीपर्यंत घरंगळत आले. त्यानं दुसरा थरही अर्धा उतरवला. गाडी पाट्यांवर जराशी वर आली. राजेश्वरीनं ते बघितलं. बजरंगनं दोर पुन्हा आवळला, तोंड पुसलं आणि गाडी सुरू केली. टायर बदलायचं कुणीच पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी निकिताचा फोन आला. सोलापुरात पोचले, म्हणाली. मग जरा थांबून, टायर बदला म्हणालात का ताई, असं तिनं विचारलं. न्हाय, राजेश्वरी म्हणाली. फोन तसाच थोडा वेळ चालू राहिला.

दिवस बुडायच्या आत कुमार आला. पोत्यांवरच्या खुणा त्यानं ओळखल्या. त्यात त्याचीही होती. बजरंगला काय धाड भरली, माल इथं का टाकला, असं त्यानं राजेश्वरीला विचारलं. ती उत्तर द्यायच्या आधी दगडाबाई आतून बाहेर आली.

"गाडीत बसंना, म्हणून उतरवला," ती म्हणाली. "तुझा हाय तर घिऊन जा."

कुमार तिच्याकडं बघत राहिला. मग राजेश्वरीकडं. राजेश्वरी पायरीवरचे कांदे पदरात गोळा करत होती. तो दुसरी गाडी घेऊन आला, पोती चढवली, आणि जाताना ओट्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर भेटायला येणारे कमी झाले. काही दिवसांनी कुणीच येईना. बजरंग बेताचाच माल घेतो हे गावात कळलं, तशी काही लोकांनी दुसरी गाडी धरली. त्याच्या फेऱ्या घटल्या. टायर त्यानं बदललेले नाहीत. सोलापूरहून आला की तो घरी जायच्या आधी गाडी इकडून आणतो, दारासमोर थांबवतो, उतरत नाही. राजेश्वरी मशीनवरून उठून बाहेर येते. काही विचारायचं नसतं, सुखरूप आला एवढं बघायचं असतं. रिकाम्या गाडीचं इंजिन चालू असतं, ती चौकटीत उभी राहते, त्याला दिसते, आणि मग तो गिअर टाकतो.