दुपारी न फिरलेला वारा

कारखान्यात माझं एक काम असं आहे की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई फुकटचा पगार खाते. दर दोन तासांनी मी वर बघते. पाण्याच्या टाकीवर खांबाला नारिंगी-पांढरी कापडी पिशवी बांधलेली आहे. वारा भरला की ती आडवी होते आणि तिचं शेपूट जिकडे, तिकडे वारा चाललेला असतो. गॅस सुटलाच तर माणसांना कुठल्या बाजूने बाहेर काढायचं, ते तिच्यावरून ठरतं.

कारखाना बोईसरला, आमचं गाव तिथून पश्चिमेला, तारापूरच्या अंगाला, अगदी किनाऱ्यावर. आई बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगून सुकवते, भाऊ लहान होडी घेऊन मासेमारीला जातो. थंडीत सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि वाटेत आमच्या कारखान्यांचा वास गावात आणून सोडतो. मी नोकरीला लागले तेव्हा आईची रोज कटकट असायची, ‘‘तुमच्या कंपनीचा वास घशात बसतंय.’’ एकदा मी वैतागून म्हटलं, ‘‘अगं, वास म्हणजे जमिनीचा कोरडा वारा. तुझे बोंबील सुकतात ना? मग झालं तर!’’ तिला ते पटलं. तेव्हापासून सकाळी उठली की ती आधी नाक वर करायची, आणि वास आला की खुशीत बोंबील टांगायला घ्यायची. वादात जिंकल्याच्या आनंदात तो वास खरा कसला ते मी तिला सांगितलंच नाही.

एका डिसेंबरातली गोष्ट. दक्षिणेकडे समुद्रात कमी दाबाचा पट्टा असल्याचा इशारा सकाळीच मोबाईलवर आला होता. आधीचे दोन इशारे कोरडे गेले होते, त्यामुळे भाऊ तो वाचून हसला होता.

दुपारी तीनला मी पिशवीकडे पाहिलं. शेपूट समुद्राकडे. शेजारी उभा असलेला ऑपरेटर म्हणाला, ‘‘अच्छा है मैडम, सब समुंदर की तरफ़ जा रहा है।’’ मी वहीत दिशा लिहिली आणि निघाले. चार पावलांवर थांबले. नऊला हीच दिशा, अकराला हीच, एकलाही हीच. थंडीत आमच्याकडे बारा-एकच्या सुमाराला जमीन तापते, वारा फिरतो आणि समुद्राकडून खारा वारा आत येतो, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि मी शहाणी तेच तेच लिहीत बसले होते, कारण मला फक्त गॅस कुठे जाईल याचंच पडलं होतं.

जमिनीचा वारा दुपारीही हटत नसेल, तर समुद्रात काहीतरी त्याला ओढून घेतंय. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की वादळ डाव्या हाताला असतं, हे मी कधीतरी शिकले होते. मी वाऱ्याकडे पाठ केली. डावा हात दक्षिणेला, केळव्याच्या दिशेला गेला. तिकडचं आभाळ काळंनिळं झालं होतं.

आईला फोन लावला. ‘‘दादा कुठे आहे?’’

‘‘जेवून गेला समुद्रात. आज वास सकालपासून हाय बघ, हटलाच नाय. मी उरलेले बोंबीलपन टांगले.’’

‘‘आई, तो हटला नाही, तेच वाईट आहे. वादळ येतंय. मोठ्या बोटवाल्या काकांकडे जा, वायरलेसवर सांगायला लाव.’’

‘‘तूच तर बोललीस, वास म्हंजे चांगला वारा!’’

‘‘आई, पळ!’’ मी ओरडले.

भावाच्या होडीत वायरलेस नव्हता आणि तेवढ्या आत फोनला रेंज नसते. दुसऱ्या एखाद्या बोटीने त्याला गाठून सांगितलं तरच काही होणार होतं. मी रिक्षा पकडली. सालवडला पाळी सुटलेल्या कामगारांच्या गर्दीत ती अडकली, तेव्हा मी रिक्षावाल्यावर उगाचच खेकसले. वारा मागून रिक्षाच्या कापडावर थापा मारत होता. वास माझ्याबरोबर थेट गावापर्यंत आला.

किनाऱ्यावर आई काकांच्या शेजारी उभी होती. काकांनी तीन बोटींना निरोप दिला होता, कुणाचं उत्तर नव्हतं. वाऱ्याने वाळू उडून पाठीवर बसत होती. मग पाऊस आडवा आला. वलांडीवरचे बोंबील भिजत होते आणि आईने तिकडे एकदाही मान वळवली नाही. मला तिचा हात धरायचा होता, पण धरवेना.

अंधार पडायच्या थोडं आधी एक मोठी बोट दिसली. तिच्यामागे दोराला बांधलेली आमची होडी होती, आणि होडीत भाऊ दोन्ही हातांनी पाणी उपसत होता. माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वलांडीवरून बोंबलांचा लगदा काढत होतो. आईने जुन्या लुगड्याची एक चिंधी फाडून वलांडीच्या उंच बांबूला बांधली, ती कुठे उडते ते पाहिलं आणि मग विचारलं, ‘‘मग तो वास कसला गो? माझ्या घशात बसतंय तो?’’

मी तिला वादात हरवल्यापासून इतक्या वर्षांत तिने घशाचं नाव आज पहिल्यांदा काढलं होतं.

‘‘वाईट आहे, आई,’’ मी म्हटलं. ‘‘तेव्हाही वाईटच होता.’’