गार्डसाहेबांची गिटार

"अजून थोडं खाली घ्या, मिस्त्री," सॅम्युअलसाहेब म्हणाले. त्याच गिटारसाठी ते पूर्णेहून पुन्हा आले होते.

निजामाचा काळ. परभणीत माझं सतार-पेटी दुरुस्तीचं दुकान होतं. साहेब जालन्याकडचे ख्रिस्ती, रेल्वेत गार्ड. ब्रेकव्हॅनच्या दारात त्यांचा डावा हात चेमटला. जखम भरली, पण गाडीवरची ड्यूटी गेली. पूर्णेच्या पार्सल ऑफिसात बसवलं.

गिटार जर्मन बनावटीची होती. एरवी गिटारची दांडी तिच्या पोकळ पेटीला सरसानं पक्की चिकटवलेली असते. हिची दांडी एका स्क्रूवर होती. घड्याळाला देतात तशी चावी मागून फिरवली की दांडी किंचित मागं कलायची आणि तारा खाली यायच्या. तारा जितक्या खाली, तितक्या दाबायला हलक्या. उलट फिरवली की वर.

पहिल्या वेळी मी स्क्रूचा गंज काढला, तारा खाली आणल्या. साहेब परत आले. "जड लागायल्यात." आणखी खाली आणल्या. आता ते तिसऱ्यांदा आले, तर खाली जागाच उरली नव्हती. तारा दांडीवरच्या पितळी पट्ट्यांना घासून खरखरत होत्या.

साहेब पाणी प्यायला बाहेर गेले. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी मार्थाबाई हळूच म्हणाल्या, "दादा, गिटार चांगली हाय, मला ठाऊक हाय. पण त्यान्ला सांगू नका. मिस्त्रीनं नीट केली की प्रार्थनेला वाजवतो, म्हणतेत. तेवढ्यावरच दिवस काढायलेत."

चावी खोटीच फिरवावी, असं वाटलं. पण ते पुन्हा येणार होते, आणि त्यानंतरही.

ते आत आल्यावर मी म्हणालो, "जरा वाजवून दाखवा."

त्यांनी डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवली. मधली दोन वाकलीच नाहीत. सूर निघाला नाही, नुसती टकटक झाली.

"साहेब, याच्या खाली जात नाही. गिटारमध्ये दोष नाही."

ते हाताकडं बघत राहिले. "म्हणजे हे आता असंच."

"तारा वर घेतो. मग दाबायचं कामच नाही. लोखंडी कांडी तारांवर सरकवून वाजवतात. शिकता येईल."

"ते वाजवणारा दुसरा कुणीतरी असेल," ते म्हणाले आणि स्टेशनकडं चालू लागले. मार्थाबाईंनी गिटार गवसणीत घातली. त्या त्यांच्या मागं गेल्या.

पुढं पूर्णेला कधी भेट झाली तर साहेब नमस्कार करायचे. गिटारचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

तेव्हापासून 'वाद्य बिघडलंय' म्हणत कुणी आलं, की मी हत्यार उचलत नाही. आधी त्यालाच वाजवायला सांगतो.