सहा ते सहाचा दिवस

काकांकडे "काल ताप होता" एवढंच सांगून सुट्टी मागणाऱ्याची धडगत नसे. चष्मा कपाळावर सरकवून ते लगेच विचारत, "कब से कब तक?" आता ताप काय घड्याळ बघून येतो? पण उत्तर द्यावंच लागे. नऊपासून, काका. चारपर्यंत. "मंग अर्धाच दिवस होते ना बावा, पुरा कावून मागून राहिला?" भिलाईजवळ रसमड्याच्या ज्या सळयांच्या कारखान्यात मी नोकरीला लागले, तिथे सगळे त्यांना पाठीमागे 'कबसेकबतक' म्हणत. तोंडावर काका. खरं नाव हजेरीच्या यादीत होतं आणि ते तिथेच राहिलं.

या प्रश्नातून कोणाचीच सुटका नव्हती. एकदा आम्ही सिविक सेंटरच्या बाजारात चहाला थांबलो, तर समोरच्या चपलांच्या दुकानावर पाटी: 'सेल, थोड़े समय के लिए'. झालं! काका कप तसाच ठेवून रस्त्यापलीकडे. "भैया, थोड़ा समय मतलब कब से कब तक?" दुकानदार म्हणाला, "जब तक माल है, अंकल." "और माल कब तक है?" पाच मिनिटांत त्या बिचाऱ्याने हात जोडले आणि पाटीवर खडूने 'अगले रविवार तक' लिहिलं, तेव्हा कुठे काका परत आले. चप्पल घेतली नाही ती नाहीच. काकू सांगायच्या, मुलगी पाहायला आले तेव्हाही पहिला प्रश्न हाच, शाळेत कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत होतीस? "मले वाटलं इन्स्पेक्टर आला घरी. तरी हो म्हटलं. मानूस फसवनार नाई, एवढं तर समजलं."

कारखान्यात काकांचं राज्य म्हणजे कंप्यूटर रूम; हजेरी आणि सुट्ट्याही तिथेच मांडल्या जायच्या. भट्टीवरचा ऑपरेटर दर दहा मिनिटांनी बटण दाबायचा, की तापमान एका छोट्या फाइलीत उतरायचं आणि अशा फाइलींचा सर्व्हरमध्ये नुसता डोंगर झाला होता. त्यातून हवी ती शोधायला काकांनी फार वर्षांपूर्वी एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. मोजून पंचवीस ओळी. तारीख द्यायची, की त्या दिवसाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत बनलेल्या फाइलींची यादी वेळेसकट समोर हजर. स्क्रिप्टला नाव दिलं होतं 'कबसेकबतक'. म्हणजे टोपणनाव त्यांच्या कानावर होतं, आणि आवडतही होतं. "फाइल लबाडी नाई करत पोरी," ते मला म्हणायचे, "आपन तिले विचारताना चुकतो."

आता दिवस म्हणजे काय, याबद्दल काकांचं स्वतःचं पंचांग होतं. त्यांचे वडील विदर्भातून येऊन भिलाईच्या प्लांटमध्ये लागले, तेव्हापासून त्यांच्या घरात दिवस उजाडायचा सकाळी सहाला, ए शिफ्टसोबत, आणि संपायचा दुसऱ्या सकाळी सहाला, सी शिफ्ट सुटली की. मध्ये रात्रीचे बारा वाजत, पण बाराला विचारतो कोण! रसमड्यालाही रीत तीच. रात्री दहाला चढलेली सी शिफ्ट पहाटेपर्यंत आदल्याच तारखेत धरली जायची. काकांनी ही रीत स्वतःच्या जन्मालाही लावली होती. ते जन्मले पंधरा एप्रिलच्या पहाटे चारला. शाळेच्या दाखल्यावर पंधराच तारीख. पण वाढदिवस करायचे चौदाला, जयंतीच्या दिवशी, निळा फेटा बांधून. कोणी हटकलं तर म्हणत, "सी शिफ्टचा माल आहो मी. आदल्याच तारखेत लागते." विहारातल्या लोकांनी वाद घालणं कधीच सोडून दिलं होतं.

मी भिलाई-३ची. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, घरात मराठी आणि फाटकाबाहेर पाय टाकला की हिंदी. कारखान्यात माझ्याशी मराठी बोलणारे काका एकटेच, म्हणून जीव लागला होता. पण कंप्यूटरची डिग्री ताजी होती आणि अक्कल जेमतेम. पहिल्याच महिन्यात मी त्यांची ती स्क्रिप्ट उघडून पाहिली, तर तारखेत सहा तास मिळवलेले. कशासाठी, ते कुठे लिहिलेलं नाही. सहा ते सहाचं गणित तेव्हा मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, म्हाताऱ्याची चूक! दिवस रात्री बाराला बदलतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी ते सहा तास खोडले, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि काकांना सांगितलं नाही. का, तर बिचाऱ्यांना वाईट वाटेल! काय कौतुक सांगावं माझं.

त्या यादीची गरज रोज पडत नसे, म्हणून दोन आठवडे निभावलं. मग एका गिऱ्हाइकाची तक्रार आली, बारा तारखेच्या सी शिफ्टच्या सळया वाकवताना तडकतात. साहेबांनी यादी मागितली. मी बारा तारीख टाकून कागद काढून दिला. शेवटी रात्री दहा ते बाराच्या फाइली होत्या, पुढे कोरं. त्या रात्री भट्टीवर होता देवांगन, आमचा ऑपरेटर, दोन पोरींचा बाप, बोलायला लाजणारा माणूस. साहेब म्हणाले, बाराला रीडिंग बंद करून हा झोपला. देवांगन "नहीं साहब, नहीं सोया" एवढंच घोकत राहिला. दुपारपर्यंत त्याला कामावरून काढायचं पत्र टाइप करून तयार होतं. आणि मला, खरं सांगते, त्याचा रागच आला होता. झोपतात आणि वर तोंड करून खोटं बोलतात!

काका त्या दिवशी दात काढायला गेले होते. जेवणाच्या सुट्टीनंतर आले ते गाल फुगवून, तोंडात कापूस. सगळं ऐकलं, कागद ओढून घेतला आणि कापसातूनच गरजले, "कब से कब तक?"

"बारा तारीख, काका."

"ते दिसून राहिलं मले. सुरू कुठून होते, सांग." त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. रात्रीचे बारा. "हे तर अकराची सी शिफ्ट आहे वं! बाराची पाऊण शिफ्ट तेराच्या पहाटे गेली ना. माहे सहा तास कुठं गेले?"

"मी खोडले," एवढंच कसंबसं तोंडातून निघालं. काकांनी खुर्ची ओढली. सहा तास परत घातले आणि यादी नव्याने काढली. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत, दर दहा मिनिटांनी एक फाइल, एकही सुटलेली नाही. देवांगन रात्रभर डोळ्यांत तेल घालून जागा होता.

तो कागद घेऊन काका साहेबांच्या केबिनमध्ये गेले, मागे मी. साहेबांनी पत्र फाडलं, पण आवाज चढवला. एका माणसाची नोकरी जात होती, या स्क्रिप्टला हात कोणी लावला? माझं कंत्राट त्याच महिन्यात संपायचं होतं, घरी दोन धाकटे शिकत होते. मी तोंड उघडलं होतं की नुसतं उघडायचा विचार केला होता, मला आज सांगता येत नाही. तोवर काका म्हणाले, "स्क्रिप्ट मेरी है, साहब. छह घंटे क्यों जोड़े, ये मैंने कहीं लिखा नहीं. गलती मेरी." साहेबांनी त्यांना मेमो दिला. अख्ख्या नोकरीतला पहिला. काकू तर तो पाहून म्हणे विचारत होत्या, हे सर्टिफिकेट कशाचं भेटलं?

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. काका म्हणाले, "रडू नको वं, दात माहा निघाला." मग बसून त्यांनी स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ लिहिली: 'दिन सुबह छह से शुरू होता है. भरोसा न हो तो एक सी शिफ्ट करके देखो.' आणि जाताना मला म्हणाले, "देवांगनले तू सांगजो. तुह्याच तोंडानं. घाई नाई." कधीपर्यंत सांगायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. काकांनी!

घाई नाही म्हटल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं. आधी कंत्राट वाढू दे म्हटलं. ते वाढलं. मग म्हटलं, देवांगनच्या मोठीचं लग्न होऊन जाऊ दे, कशाला त्याच्या डोक्याला ताप. तेही झालं. तीज-पोळ्याला तो घरची ठेठरी-खुरमी आणून माझ्या टेबलावर ठेवायचा. घशाखाली उतरायची नाही, तरी मी खायची, सगळी खायची. काका रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी साहेब भाषणाला उभे राहताच मागून काकांनीच विचारलं, "कब से कब तक?" सगळे हसले, मीही हसले. देवांगन माझ्या शेजारीच बसला होता, आणि मी त्याही दिवशी बोलले नाही. भ्याले. दुसरं काही कारण नव्हतं.

वर्षभरात काका गेले. छातीचं दुखणं, दुर्गच्या हॉस्पिटलात आठ दिवस, संपलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराबाहेर चपला शोधताना मी आणि देवांगन समोरासमोर आलो, आणि मी एका दमात बोलून टाकलं. ते सहा तास काकांनी नाही, मी खोडले होते. तुमची नोकरी माझ्यामुळे जात होती.

देवांगन पायात चप्पल सरकवत म्हणाला, "मोला मालूम हे, नोनी." मला माहीत आहे, पोरी.

काकांनी त्याला त्या मेमोच्या संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं. ज्याची नोकरी जात होती त्याला माहीत असलं पाहिजे, म्हणाले होते. वर बजावलं होतं, तू विचारायचं नाही, ती येईल. त्यानंतर भेट झाली की काका विचारायचे, बोली क्या? हा म्हणायचा, नहीं. काका म्हणायचे, बोलेगी.

"हॉस्पिटल में भी पूछे," देवांगन म्हणाला आणि खाली बघत राहिला. "मैं बोल दिया, हाँ काका, बोल दी."

मी हातातली चप्पल तशीच धरून विचारलं, "मग?"

"मेरा हाथ पकड़ लिए. इतना खुश हो गए, नोनी. बोले, देखा? मैं बोला था न."